कोपरे गोल

रोझलिन आली ती थेट मशीनपाशी,
हातात निळी गुंडाळी, मोबाईलवर एक चित्र.
"काकी, कातर धारेची तुझीच. माका कापून दी."

कापडाच्या कातरीने दुसरं काही कापू देत नाही मी.
कागद नाही. नवऱ्याने मिशीसाठी मागितली होती,
त्यालाही नाही.
पण पट्टी हातात घेतली, ओढून पाहिली:
सुती. आडवी जराही देत नाही,
उभी दीडपट जाते आणि गुपचूप परत येते.
असलं कापड मला आवडतं.

चित्रात एक पोटरी,
टाचेतून निघून पट्टी वर दुभंगलेली,
बेचक्यासारखी.
कुडाळच्या फिजिओने एकदा लावून दिली होती म्हणे,
चारशे रुपये. एसटीचं वेगळं.
"कोपरे गोल काप," रोझलिन सांगायला लागली,
तोवर मी कापलेही होते.
टोकदार कोपरा आधी उचकटतो,
हे मला खिशांनी शिकवलंय.

पाय धुऊन ये म्हटलं.
सागरेश्वरच्या पुळणीवर पळते ती, ओहोटीला,
ओली वाळू घट्ट असते तेवढाच वेळ.
घोट्यात वाळू, पोटरीवर मिठाची रेघ.
रोज दहा किलोमीटर.
सातव्याला पोटरीचा दगड होतो,
मग उरलेले तीन ती दगड घेऊन पळते.

पाऊल तिने वर ओढून धरलं.
टाचेशी पट्टी ताण न देता टेकवली,
मधे जरासा, बाहीला चुण्या पडू नयेत इतकाच,
शेवटचं बोटभर पुन्हा सैल.
मग तळहाताने चोळत राहिले. गोंद उबेने धरतो.
कित्येक वर्षांत कुणाच्या पायाला हात लावला नव्हता.
बारीक लव, डासाचा चावा,
आणि कातडीखाली काहीतरी उडत होतं,
पाटीतल्या जित्या पेडव्यासारखं.

आनामारी दारात, डोक्यावरची पाटी उतरवत.
"ह्या काय गो? पायाक फीत?"
"थकवा कमी येता, मम्मी."
"मगे माझ्या मानेक लाव.
पंचवीस वर्सां बांगडे व्हावतंय,
माका कोणी असलां चित्र दाखवूक नाय."

आम्ही तिघी हसलो.
दुसरा पाय झाल्यावर गुंडाळीत वीतभर उरलं.
रोझलिनने ते आईपुढे धरलं.
"ऱ्हवांदे. मस्करी केलंय."
पाटी पुन्हा डोक्यावर. गेली.

रविवारी मालवणात बावन्न मुलींत रोझलिन अकरावी.
दुकानात येऊन सांगून गेली:
दगड झालाच, काकी, पण आठव्याला.
हा एक किलोमीटर पट्टीचा होता
की पट्टी आहे या धीराचा,
तिला ठाऊक नव्हतं. मी विचारलंही नाही.
खोबरेल लावून, केसांच्या दिशेने,
हळूहळू सोडवून दिल्या दोन्ही.

मंगळवारी दिवेलागणीला
शटर अर्धं खाली होतं, युनिफॉर्मचा ढीग पायाशी.
वाकून आत आली आनामारी.
स्टुलावर बसली, अंबाडा एका हाताने वर धरला.
"कोणाक सांगा नको."

मान ओल्या फडक्याने पुसली, कोरडी केली.
चुंबळीच्या भाराने मणक्याशी एक खळगा पडलेला,
अंगठा बरोबर मावेल एवढा.
वीतभर पट्टीचे दोन तुकडे केले,
आठ कोपरे, सगळे गोल.
तिला मान पुढे टाकायला सांगितली
आणि चोळत राहिले, गोंद धरेपर्यंत,
त्याहून थोडं जास्तच.
मग उठून बटणांचा डबा शोधायला लागले.

ती तशीच बसून, डोळे मिटलेले.
"हात काढलंस?"
"कधीचोच."
"नाय गो," म्हणाली, "अजून आसा."